गळाचे टोक आत का वळते

गळ म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच आकार येतो. सरळ दांडी, खाली वळण आणि वळणापलीकडे दोरीच्या दिशेने वर पाहणारे अणकुचीदार टोक. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा. या आकारात एक गृहीत दडलेले असते. मासा आमिष तोंडात घेईल, दोरी थरथरेल, वरचा माणूस वेळेवर झटका देईल आणि टोक माशाच्या तोंडात कुठेतरी रुतेल. थोडक्यात, पकडायचे काम माणसाचे आणि माशाने फक्त फसायचे. वरच्या पाण्यात भक्ष्याच्या मागे सुसाट धावणाऱ्या सुरमईसाठी हे गृहीत बऱ्यापैकी चालते, कारण तिचा वेगच निम्मे काम करतो. तळाशी राहून निवांत खाणाऱ्या मासळीच्या बाबतीत ते लंगडे पडते. या प्रकरणात मांडायचा मुद्दा असा की तळच्या मासळीचा गळ टोकाच्या धारेपेक्षा आकारावर पकडतो. मासा नकोशी वस्तू थुंकून टाकायला जातो आणि त्या थुंकण्यातच अडकतो. वजन, दोरी, आमिष या बाकीच्या सगळ्या गोष्टींचे काम त्याला त्या क्षणापर्यंत आणून सोडण्याचे. हे तपासायला उत्तर पॅसिफिकमधल्या हॅलिबटइतके चांगले उदाहरण नाही. या एका माशासाठी माणसाने निदान अडीच-तीन हजार वर्षे गळ घडवले आहेत, आणि गेल्या शंभर वर्षांत त्याच्या पकडीच्या जितक्या काटेकोर नोंदी ठेवल्या गेल्या तितक्या फार थोड्या माशांच्या वाट्याला आल्या आहेत.

पॅसिफिक हॅलिबट हा चपटा मासा. आपल्याकडच्या लेपा आणि भाकस यांच्याच पंगतीतला, पण आकाराने अवाढव्य. मादी दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकते. नर त्या मानाने लहानच राहतात. पिल्लू जन्मते तेव्हा इतर माशांसारखेच दोन्ही बाजूंना एकेक डोळा घेऊन पोहत असते. पुढे डावा डोळा डोक्यावरून सरकत उजव्या बाजूला येतो आणि मासा डावी, पांढरी कूस खाली टाकून तळाशी राहू लागतो. त्यामुळे त्याचा जबडाही आपल्याला आडवा दिसतो. हिवाळ्यात अंडी घालायला तो खंडाच्या उताराकडे खोल पाण्यात उतरतो आणि उन्हाळ्यात चरायला उथळ पट्ट्यात येतो. कॉड, पोलॉक, खेकडे, ऑक्टोपस, जे मिळेल ते खातो. खाण्याची रीत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. भक्ष्य जवळ आले की तो तोंड आणि कल्ल्यांची झाकणे एकदम फाकवतो. आत पोकळी निर्माण होते, पाणी खेचले जाते आणि पाण्याबरोबर घासही. घासात काही टोचले, कडक लागले, संशय आला, तर तो तोच प्रवाह उलटा फिरवतो आणि वस्तू बाहेर फेकतो. चावणे आणि तोडणे यांचा यात फारसा संबंध नाही. आत घेणे आणि बाहेर टाकणे या दोन हालचाली, आणि दोन्ही क्षणार्धाच्या.

आता ‘जे’ गळाची परीक्षा याच दोन हालचालींवर घ्यावी. शंभर-दीडशे मीटर खोल सोडलेली दोरी कधीच सरळ ताठ नसते. प्रवाह तिला पोटाशी फुगवतो, वजन तळावर टेकलेले असते आणि गळ त्याच्या आगेमागे लोळत असतो. माशाने घास घेतल्याची खबर वर हातात पोचेपर्यंत, आणि हातातला झटका फुगलेल्या दोरीतून खाली उतरेपर्यंत, थुंकण्याचे काम कधीच उरकलेले असते. व्यापारी मासेमारीत तर झटका द्यायला कोणी नसतेच. तिथे शेकडो गळ बांधलेली लांब दोर दोन्ही टोकांना नांगर लावून तळावर टाकतात आणि काही तासांनी येऊन उचलतात. अशा दोरीवरच्या उघड्या टोकाला एकच आशा असते, बाहेर जाता जाता ते कुठेतरी अडकेल. कधी अडकते, बरेचदा नाही. अडकले तरी घशात, कल्ल्यात किंवा पोटात, जिथून ते सुटतही नाही आणि मासा धड जगतही नाही.

ही गोष्ट युरोपीय खलाशांना फार लवकर अनुभवाला आली होती, फक्त तिचा अर्थ लावायला त्यांना दोनशे वर्षे लागली. १७८७ मध्ये जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाचे ‘क्वीन शार्लट’ हे व्यापारी जहाज आजच्या अलास्काच्या किनाऱ्यावर होते. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सफरीच्या वृत्तांतात स्थानिक लोकांच्या लाकडी गळांचे वर्णन येते. हे बोजड, ओबडधोबड लाकूड पाहून वृत्तांतकाराला हसू आल्यास नवल नव्हते. पण पुढे तो प्रामाणिकपणे लिहितो की जहाजाची होडी पोलादी गळ घेऊन त्याच पाण्यात गेली तेव्हा स्थानिकांना भरपूर हॅलिबट लागत होते आणि आपल्या लोकांच्या हाती फारसे काही येत नव्हते. शेवटी त्यांनी होडी पाठवायचेच बंद केले आणि मासे विकत घेऊ लागले. एका प्रसंगावरून सिद्धांत मांडू नये हे खरे. जागा, आमिष, सवय यांचा फरक असणारच. पण साम्राज्याच्या पोलादाचा अभिमान बाळगणारा माणूस जेव्हा लाकडापुढे हार नोंदवतो, तेव्हा ती नोंद गांभीर्याने घ्यावी लागते.

त्या लाकडी गळाकडे जवळून पाहू. आग्नेय अलास्कातल्या त्लिंगिट लोकांचा गळ दोन लाकडी हातांचा, एका टोकाला घट्ट बांधलेल्या चिमट्यासारखा असतो. एक हात बहुधा तरंगणाऱ्या सीडरचा, दुसरा त्याहून घट्ट लाकडाचा. सांधा स्प्रूस झाडाच्या मुळांच्या चिरफळ्यांनी किंवा सीडरच्या सालीच्या दोराने आवळलेला. एका हाताच्या आतल्या बाजूला हाडाचा अणकुचीदार काटा बांधलेला असतो. पुढे लोखंड मिळू लागल्यावर तो लोखंडाचा झाला. हा काटा दुसऱ्या हाताकडे आणि मागे, सांध्याच्या दिशेने झुकलेला. बाहेरून हात फिरवला तर तो टोचतही नाही. दुसऱ्या हातावर कोरीवकाम: ऑक्टोपस, पाणमांजर, कावळा, कधी शामान म्हणजे मांत्रिक. ही कोरीव बाजू पाण्यात तळाकडे, म्हणजे येणाऱ्या माशाकडे तोंड करून राही. गळाला ऑक्टोपसचा तुकडा बांधत, दोरीला दगड अडकवत, आणि लाकूड हलके असल्यामुळे गळ तळाला चिकटून न पडता थोडा वर तरंगत राही. दोरी कधी सीडरच्या सालीची, कधी केल्प या समुद्री वनस्पतीच्या लांबलचक देठाची. आता मासा येतो, घास खेचतो, जबडा दोन हातांच्या फटीत शिरतो. काही होत नाही, कारण आत जाताना काटा वाटेत येत नाही. मग तो थुंकतो, मान फिरवतो, मागे सरतो, आणि मागे झुकलेला काटा गालातून आरपार जातो. पकडण्याची क्रिया माशानेच पूर्ण केलेली असते. होडीतला माणूस तेव्हा कदाचित दुसऱ्या गळाची दोरी सोडत असेल.

थोडे दक्षिणेला, आजच्या वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला निआ बे येथे मकाह लोक राहतात. त्यांच्या गळाला चिबूद म्हणतात आणि तो एकाच लाकडाचा असतो. जेम्स स्वॉन हा गृहस्थ १८६०च्या दशकात त्यांच्यात शिक्षक म्हणून राहिला आणि त्याने केलेले वर्णन स्मिथसोनियन संस्थेने १८७० मध्ये प्रसिद्ध केले. हेमलॉकच्या कुजलेल्या ओंडक्यातल्या गाठी बाकीचे लाकूड सडले तरी शाबूत राहतात. त्या गाठी काढून, चिरून, तासून त्यांच्या काड्या करायच्या. त्या केल्पच्या पोकळ देठात भरून गरम राखेत ठेवायच्या. देठातल्या ओलाव्याची वाफ होऊन लाकूड लवचीक होते. मग ते वाकवायचे, बांधायचे आणि थंड होईपर्यंत तसेच ठेवायचे. शेवटी आतल्या अंगाला हाडाचा काटा. या कृतीतली एकही पायरी धार लावण्यासाठी नाही. सगळी मेहनत वाक साधण्यासाठी आणि तो टिकवण्यासाठी आहे. याच किनाऱ्यावर होको नदीच्या मुखाजवळच्या ओल्या चिखलात पुरातत्त्वज्ञांना वाकवलेल्या लाकडाचे आणि जोड लाकडाचे असे दोन्ही प्रकारचे गळ सापडले, आणि त्यांचे वय अडीच ते तीन हजार वर्षांच्या घरात जाते. घसरलेल्या डोंगराच्या चिखलाखाली जसेच्या तसे राहिलेले ओझेट हे मकाह गाव १९७० नंतर खणले गेले, तिथेही लाकडी गळ निघाले. इतका काळ एक वस्तू टिकते तेव्हा केवळ रिवाज म्हणून टिकत नाही. रोजच्या जेवणाचा प्रश्न जिच्यावर अवलंबून आहे ती वस्तू निरुपयोगी असती तर दोन पिढ्यांत टाकून दिली गेली असती.

यावर कोणी म्हणेल, धातू नव्हता म्हणून लाकूड वापरले आणि लाकडाला धार लागत नाही म्हणून टोक आत वळवले. यात माशाच्या स्वभावाचा अभ्यास कसला? आक्षेप वाजवी आहे. त्याचे उत्तर महासागराच्या दुसऱ्या टोकाला सापडते. दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर तेलकट मांसाचा रुवेटस नावाचा खोल पाण्यातला मासा रात्री लांबलचक दोरीने धरत. त्याचे गळही मोठे, लाकडी आणि टोक आत वळलेले. अलास्काशी या बेटांचा मासेमारीचा काही संबंध नव्हता. पण त्याच बेटांवर उथळ पाण्यासाठी शिंपल्याचे आणि कवचाचे धारदार, उघड्या टोकाचे गळही बनत होते. म्हणजे दोन्ही आकार माहीत होते, दोन्ही घडवता येत होते, आणि माणसे निवड करत होती. रॉबर्ट योहान्स या जीवशास्त्रज्ञाने पलाऊमधल्या कोळ्यांकडून शिकून १९८१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात गळांच्या आकारांची चर्चा अशीच आहे. कोणत्या कोनाचा गळ कोणत्या माशाला, दोरी हातात असेल तर कोणता आणि एकटी सोडली असेल तर कोणता, हे तिथल्या जाणत्या कोळ्यांना नेमके सांगता येत होते. साधनसामग्रीच्या टंचाईने एकच आकार जन्माला येतो. इथे मासा आणि रीत बदलली की आकार बदलत होता.

धातूचा आक्षेप खोडून काढणारा सर्वात भक्कम पुरावा मात्र पोलादानेच दिला. १८८८ मध्ये ‘ऑस्कर अँड हॅटी’ या शिडाच्या जहाजाने पॅसिफिकचा हॅलिबट टकोमा बंदरात उतरवला आणि तो बर्फात घालून रेल्वेने बॉस्टनला गेला. व्यापारी हॅलिबट मासेमारी तिथून सुरू झाली. न्यू इंग्लंडची आणि पुढे नॉर्वेजियन वंशाची माणसे आपापले पोलादी ‘जे’ गळ घेऊन आली आणि जवळपास शंभर वर्षे तेच वापरत राहिली. आत वळलेले लाकडी गळ तोवर संग्रहालयांच्या काचेआड कलावस्तू म्हणून मांडले गेले होते, आणि त्यांच्यावरच्या कोरीवकामाबद्दल लिहिताना काट्याच्या कोनाबद्दल फारसे कोणी लिहीत नव्हते. १९२३ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांनी करार करून हॅलिबटसाठी संयुक्त आयोग नेमला. किती गळ टाकले, किती मासे लागले, याचा हिशेब या आयोगाने दशकानुदशके ठेवला. १९८३च्या सुमारास ताफा टोक आत वळलेल्या पोलादी वर्तुळी गळाकडे वळला आणि दोनेक वर्षांत जुना गळ जवळपास नाहीसा झाला. त्याबरोबर आयोगापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. प्रत्येक गळामागे मिळणारे मासे अचानक वाढले होते, पण समुद्रातले मासे एका रात्रीत वाढलेले नव्हते. एकाच दोरीवर दोन्ही प्रकारचे गळ लावून तुलना केली तेव्हा वर्तुळी गळाची पकड दुपटीहून अधिक भरली. जुन्या आणि नव्या नोंदी एका मापात आणण्यासाठी आयोगाला जुन्या आकड्यांना सुमारे २.२ ने गुणावे लागले. एकच समुद्र, तीच माणसे, तोच धातू, तेच आमिष. बदलला तो फक्त टोकाचा कोन.

वर्तुळी गळात टोक दांडीकडे, जवळजवळ काटकोनात वळलेले असते. नव्या माणसाच्या हातात दिला तर तो म्हणतो, हा कसा लागणार? हाच प्रश्न ताफ्यातल्या माणसांनाही पडला असणार, आणि शंभर वर्षांच्या विलंबाचे एक कारण तेच. शिवाय त्यावर आमिष ओवायला वेळ लागतो आणि माशाच्या तोंडातून तो काढणेही अवघड. त्याची चाल अशी. मासा घास गिळून वळतो किंवा थुंकतो. दोरी हळूहळू ताठ होते आणि गळ तोंडातून बाहेर सरकू लागतो. टोक आत वळलेले असल्यामुळे वाटेत घशाला, कल्ल्याला ते टोचत नाही. नुसते घसरत येते. जबड्याच्या कोपऱ्याशी आले की दांडी तोंडाबाहेर पडते आणि टोक आतच राहते. दोरीचा ताण आता दांडीला एका बाजूने खेचतो, म्हणून गळ स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता टोक जबड्याच्या कडेवर चढून आरपार जाते. या साऱ्याला हवा असतो सावकाश, सलग ताण. झटका दिला तर गळ फिरायच्या आतच तोंडाबाहेर उडतो. हौशी मासेमार वर्तुळी गळाला शिव्या देतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष त्यांच्या मनगटाचा असतो. गळ जबड्याच्या कडेलाच लागत असल्याने लहान मासा सोडून द्यायचा झाला तर तो जगण्याची शक्यता वाढते, हा आणखी एक फायदा.

इथे आमिषाची बाजू घेणारे बोलणारच. गळ कसाही असो, मासा आमिषाला येतो. मग खरी करामत आमिषाची नव्हे काय? येतो हे खरे, आणि कसा येतो याचा अभ्यास नॉर्वेत विशेष झाला आहे. तळाच्या अंधारात मासा आधी वास घेतो. आमिषातून पाझरणारी अमिनो आम्ले आणि तत्सम द्रव्ये प्रवाहाबरोबर एका लांब पट्ट्यात वाहत जातात. कॉड माशांना ध्वनिखुणा लावून केलेल्या निरीक्षणांत दिसले की हा पट्टा लागताच मासा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने पोहत शेकडो मीटरवरून आमिषापर्यंत पोचतो. म्हणून अनुभवी माणूस गळांची दोर प्रवाहाला आडवी टाकतो. तशी टाकली की वासाचा पट्टा रुंद होतो. प्रवाहाच्या रेषेत टाकली तर सगळ्या आमिषांचा वास एकाच अरुंद वाटेने जातो. दुसरी गोष्ट, हा पाझर पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरतो. रात्रभर पाण्यात राहिलेले आमिष दिसायला शाबूत असले तरी वासाने जवळपास मेलेले असते. त्यातच वाळूतले बारीक कवचधारी जीव ते पोखरतात, आणि गळाला लागलेला मासाही सोडत नाहीत. त्यामुळे आमिष वासाचे हवे तसेच चिवटही हवे. हेरिंग तेलकट आणि वासाचा, पण मऊ. लवकर गळून पडतो. सामनचा कातडीसकट तुकडा टिकतो. माकूल टिकते. ऑक्टोपस तर इतका चिवट की एकच तुकडा पुन्हा पुन्हा वापरता येतो, आणि त्लिंगिटांनी तो निवडला होता हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एवढे मान्य करूनही मूळ मुद्दा हलत नाही, कारण आमिष माशाला गळापाशी आणते आणि तिथे त्याचे काम संपते. तोंडात गेलेला गळ तोंडात राहील की नाही, हे आमिषाच्या हातात नाही. वर सांगितलेल्या तुलनेत दोन्ही प्रकारच्या गळांवर आमिष एकच होते. येणारे मासे तेवढेच, राहणारे दुप्पट. आयोगाने आपल्या वार्षिक पाहणीत बाकी सगळे ठरवून टाकले आहे ते याच समजुतीने. दोर १८०० फुटांची, तिच्यावर १०० गळ, म्हणजे दर १८ फुटांवर एक. गळ १६/० मापाचा वर्तुळी. आमिष चम सामनचा पाव ते तिसरा हिस्सा पौंडाचा तुकडा. पाण्यात किमान पाच तास. यातली एकही बाब बदलली तर आकडा बदलतो. गळ जवळजवळ बांधले तर एकाचा मासा दुसऱ्याला जातो आणि प्रत्येक गळामागची पकड घटते. मुशीसारखे भुकेले शेजारी आधी येऊन आमिषे फस्त करून गेले तर हॅलिबट असूनही लागत नाही, म्हणून रिकाम्या आणि आमिषासकट परत आलेल्या गळांचीही मोजदाद करावी लागते.

आता उलट बाजूचा मोह. लाकडी गळ श्रेष्ठ, जुने ते सोने, आदिवासींना सगळे ठाऊक होते असा सूर हल्ली लागतो, आणि तो पुराव्यापलीकडे जातो. मकाह लोकांच्याच मत्स्यविभागाने अलीकडे चिबूद आणि आधुनिक वर्तुळी गळ समोरासमोर तपासून पाहिले. चिबूदला नको असलेली इतर मासळी स्पष्टपणे कमी लागली. पण हॅलिबटही कमी लागला. यात आश्चर्य नाही. लाकडाच्या दोन हातांमधली फट ठरावीक असते. लहान तोंड काट्यापर्यंत नीट पोचत नाही आणि फार मोठा जबडा फटीत मावत नाही. मधल्या मापाचा मासा निवडून लागतो आणि सर्वात मोठ्या, सर्वाधिक अंडी घालणाऱ्या माद्या समुद्रात राहतात. हे संवर्धनाच्या हेतूने केले होते की सागवानी फळीसारखा शेपटीचा फटकारा मारणारा दीडशे किलोंचा मासा छोट्या होडीत कोणालाच नको होता, यावर वाद घालता येईल. मला दुसरे कारण जास्त पटते, आणि त्याने पहिला परिणाम खोटा ठरत नाही. वर्तुळी पोलादी गळ अधिक मासे धरतो, चिबूद अधिक निवडून धरतो. दोन्ही आकारावरच चालतात. कोणता आकार घ्यायचा हे तुम्हाला काय हवे आहे त्यावर ठरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. चांगला गळ म्हणजे अधिक मासे, अधिक मासे म्हणजे लवकर नाश; मग या सुधारणेचे कौतुक कशाला? अलास्कात असे घडलेही. एकूण किती मासे धरायचे याची मर्यादा आयोग घालत होता, पण ती कोण आधी गाठतो यावर बंधन नव्हते. होड्या वाढल्या, गळ सुधारले, आणि १९९०च्या सुमारास काही भागांत सगळा वार्षिक हंगाम चोवीस-चोवीस तासांच्या दोन-तीन फेऱ्यांवर आला. वादळ असले तरी जायचे, जास्त दोरी टाकायची, उचलायला वेळ न मिळाल्यास सोडून यायची. तळाशी हरवलेली दोर आमिष संपेपर्यंत मासे मारत राहते आणि ते कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. कॅनडाने १९९१ मध्ये आणि अलास्काने १९९५ मध्ये प्रत्येक मासेमाराला स्वतःचा वाटा ठरवून दिला. हंगाम पुन्हा सुमारे आठ महिन्यांचा झाला आणि घाई संपली. गळ तोच राहिला. म्हणजे दोष गळाचा नव्हता, शर्यतीच्या नियमाचा होता. समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत मात्र गळाला इतके सहज सोडता येत नाही. दोर पाण्यात उतरत असताना आमिषावर झडप घालणारे अल्बट्रॉस गळासकट बुडतात, आणि त्या क्षणी टोक कुठे वळले आहे याने त्यांचे काही भले होत नाही. त्यावर उपाय म्हणून होडीच्या मागे रंगीत झुलत्या पट्ट्यांची दोरी ओढावी लागते. अलास्कात मोठ्या होड्यांना ती सक्तीची आहे. वजन वाढवून दोर लवकर बुडवणे हाही त्यातलाच उपाय.

आणखी एका मर्यादेचा उल्लेख हवा, कारण ती आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. हॅलिबटला प्रौढपणी वाताशय नसतो. त्यामुळे दोनशे मीटरवरून वर आणलेला मासा सोडला तर तो सरळ खाली जाऊ शकतो. त्याच तळावरच्या रॉकफिशचे तसे नाही. वर येताना दाब घटतो, वाताशयातली हवा फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून लोंबते आणि सोडलेला मासा पाण्यावर तरंगत मरतो. गळ जबड्याच्या कडेला किती सुबक लागला होता, याला तिथे काही अर्थ उरत नाही. अशा माशाला वजन बांधून पुन्हा खोलवर नेऊन सोडणारी साधने निघाली आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. कोकण-गोव्याच्या खडकाळ तळावर गरवताना लागणारे हेकरू आणि तांबोशी हे वाताशय असलेलेच मासे.

तेव्हा तुमच्या सामानात वर्तुळी गळ असेल तर दोन गोष्टी करा. दोरी थरथरली की मनगट आवरा. रीळ फिरवत किंवा हाताने दोरी गोळा करत ताण सावकाश वाढू द्या आणि गळाला फिरायला वेळ द्या. आमिष ओवताना त्याने टोक आणि दांडी यांच्यातली फट भरून टाकू नका, कारण ती फट बुजली तर जबड्याची कड तिच्यात शिरू शकत नाही. आणि खोल पाण्यातून लहान हेकरू वर आलाच, तर तो नुसता पाण्यात टाकू नका. वजनाच्या दोरीने खाली पोचवा.